पावसाळी मुलखातला संगणक
(प्रस्तावना)

संगणकाच्या देखभालीवरची बहुतेक पुस्तकं एका ठरावीक खोलीसाठी लिहिलेली असतात. त्या खोलीत एसी असतो, लाइट जात नाही, भिंतींना ओल येत नाही आणि काही बिघडलंच तर कंपनीचा माणूस संध्याकाळपर्यंत दारात हजर होतो. मावळ तालुक्यात अशा खोल्या थोड्या. इथला संगणक ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली असतो, दूध संकलन केंद्रात फॅट मोजायच्या यंत्राशेजारी असतो, कामशेतच्या भात गिरणीच्या गल्ल्यावर असतो, लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या काउंटरमागे असतो. पवन मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाउसला लागून असलेल्या शेडमध्ये असतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो, आणि निवृत्तीनंतर तळेगावला राहायला आलेल्या आजी-आजोबांच्या हॉलमध्येही असतो. २०२० नंतर त्यात पुण्या-मुंबईचं काम घरी बसून करणाऱ्यांच्या लॅपटॉपची भर पडली. हे पुस्तक या सगळ्यांसाठी आहे. त्यातला कोणीही संगणकतज्ज्ञ नाही, आणि हे वाचून त्याने तो व्हावं असा माझा आग्रहही नाही.

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात सातशेच्या आसपास. याच पावसाच्या भरवशावर टाटांनी वळवण, लोणावळा आणि शिरवट्याची धरणं बांधली, पाणी घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ साली तिथल्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायला सुरुवात केली. मुंबईची यंत्रं ज्या पाण्यावर फिरली, तेच पाणी लोणावळ्यात हवेतून यंत्रांच्या पोटात शिरतं. आषाढ-श्रावणात खंडाळ्याकडच्या घरांत खिडकी उघडी राहिली तर ढग आत येतो, ही काही कविकल्पना नाही. चपलांना बुरशी येते, कपाटातल्या फाइली फुगतात, काडेपेटी पेटत नाही. संगणकासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात मात्र बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या आत असावी आणि दव धरू नये. म्हणजे माहितीपत्रक लिहिणाऱ्याच्या हिशेबाने लोणावळ्यातला संगणक जुलैचे कित्येक दिवस हद्दीबाहेरच चालतो. चालतो, हे त्याचं कौतुक. पण मग त्याची निगाही या हवेला धरूनच राखायला हवी.

संगणक दुरुस्तीच्या धंद्यात वर्षं काढल्यावर लोकांची तक्रार ऐकूनच अंदाज यायला लागतो. तक्रारीची वाक्यं चारच असतात. “स्लो झालाय.” “हँग होतोय.” “डिस्प्ले येत नाही.” “नेट चालत नाही.” आणि चारही वाक्यांवर कोणीतरी एकच उतारा सांगितलेला असतो: “फॉरमॅट मारून घ्या, नवीन विंडोज टाका.” फॉरमॅट हा खरा उपाय आहे, पण तो मोजक्याच दुखण्यांवरचा. सॉकेट सैल असेल, वायर उंदराने कुरतडली असेल, घड्याळाचा सेल संपला असेल, तर फॉरमॅट मारून काहीच साधत नाही. फक्त नातवाचे फोटो, दुकानाची उधारी आणि मंडळाचा दहा वर्षांचा जमाखर्च जातो. दुरुस्तीच्या बिलापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठं असतं, आणि ते बिलात दिसत नाही.

या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर: उपाय करण्याआधी बिघाड कुठल्या थरात आहे ते ओळखा. थर असे: वीज, हवा, जोडणी, यंत्राचे भाग, विंडोज आणि तिच्यावरचे प्रोग्राम, इंटरनेट. तपासायचं ते याच क्रमाने, खालून वर. मावळात पहिल्या तीन थरांतच बहुतेक दुखणी सापडतात, आणि ते थर तपासायला संगणकशास्त्र लागत नाही. डोळे, कान, नाक आणि थोडा धीर पुरतो.

एक नमुना तपशिलाने सांगतो. नाणे मावळातल्या एका गावातलं सेवा केंद्र. जून महिना, शाळा-कॉलेजच्या प्रवेशांसाठी दाखल्यांची गर्दी, बाहेर सातबाऱ्यासाठी थांबलेली माणसं. संगणक सुरू होतो, विंडोज येते, पण एकही सरकारी संकेतस्थळ उघडत नाही. पडद्यावर इशारा येतो, की हे कनेक्शन सुरक्षित नाही. केंद्र चालवणाऱ्या मुलाने राउटर बंद-चालू केला, नेटवाल्याला फोन लावला, वायर बदलली, शेवटी मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून पाहिलं. इशारा तोच. म्हणजे व्हायरस, असं सर्वांनुमते ठरलं आणि फॉरमॅटची तयारी झाली. त्या गडबडीत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली कोणी पाहिलंच नव्हतं. तिथे तारीख होती कित्येक वर्षांपूर्वीची, १ जानेवारी.

मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो. सीआर २०३२ हे त्याचं नाव. २० मिलिमीटर व्यासाचा, तीन व्होल्टचा, पन्नास रुपयांच्या आत मिळणारा. संगणक बंद असताना आतलं घड्याळ तो चालवतो. तो संपला की संगणक प्रत्येक वेळी जुन्या तारखेला जागा होतो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध, हे नोंदलेलं असतं. ब्राउझर ते आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ मागच्या दशकात असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून जन्मलेलंच नसतं, म्हणून तो दार उघडत नाही. व्हायरस नाही, नेट नाही, विंडोजही नाही. सेल बदलला, तारीख लावली, रांग पुढे सरकली.

याला एक पुरवणी आहे, आणि ती आपल्याकडच्या सवयीशी जोडलेली आहे. विजेच्या भीतीने आपण रात्री बोर्डावरचं बटण बंद करतो, आणि ते योग्यच आहे. पण बटण चालू असताना घड्याळाला मुख्य विजेतून थोडा पुरवठा होतो. बटण बंद केलं की सगळा भार त्या सेलवर येतो आणि तो लवकर उतरतो. म्हणून बटण बंद करायची सवय सोडायची नाही, सेल मात्र तीन-चार वर्षांनी आपण होऊन बदलायचा. कुठलीही काळजी घेतली की तिची काही किंमत कुठेतरी पडते. पुस्तकात जागोजागी ती किंमतही सांगितली आहे.

या उदाहरणातून दोन प्रश्न घ्यावेत. पहिला: नेमकं काय दिसतंय? “काहीतरी एरर आला” हे उत्तर नव्हे. पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा, शक्यतो मोबाइलवर फोटो काढून. दुसरा: शेवटचं नीट चाललं तेव्हापासून काय बदललं? नवा प्रिंटर जोडला, खोली झाडताना टेबल सरकवलं, मुलाने खेळ टाकला, रात्री गडगडाट झाला, लाइट दोनदा गेली-आली. संगणकाजवळ एक साधी वही ठेवा. तारीख, लक्षण, काय केलं, काय झालं, एवढं लिहा. पुढच्या वेळी तंत्रज्ञाला ती वही दाखवलीत तर त्याचा निम्मा वेळ वाचेल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन वायरी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर दोष कुठल्या वायरीत होता हे कधीच कळत नाही.

आता हवेकडे वळतो, कारण या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग तिच्यावर आहे. ओलाव्याबद्दल एक गैरसमज असा, की पाणी थेट पडलं तरच यंत्र बिघडतं. खरी गोष्ट वेगळी आहे. आत साठलेली धूळ हवेतला ओलावा शोषून घेते. धुळीतले क्षार त्यात विरघळतात आणि सर्किटवर वीज वाहून नेणारा एक पातळ थर तयार होतो. त्यातून नको तिथे प्रवाह झिरपतो, तांब्यावर हिरवट डाग धरतात, पिना काळ्या पडतात. म्हणजे कोरड्या दिवसांतली धूळ पावसाळ्यात घात करते. म्हणूनच मावळात संगणकाची मोठी साफसफाई मे महिन्यात व्हायला हवी. मृगाआधी आपण कौलं चाळतो, पन्हळी साफ करतो. संगणकाचीही शाकारणी त्याच आठवड्यात उरकावी. गळायला लागल्यावर छपरावर चढण्यात अर्थ नसतो.

ही सफाई कशी करायची हे पहिल्या प्रकरणात टप्प्याटप्प्याने आहे. इथे दोन-तीन मुद्दे पुरेत. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने भलत्या वेगात फिरून खराब होतो. ओलं फडकं आत न्यायचं नाही. भात गिरणीजवळच्या दुकानांत कोंड्याची भुकटी हीटसिंकच्या फटींत नमद्यासारखी बसते; ती काढली की “आपोआप बंद पडतो” ही तक्रार बहुधा तिथेच संपते. कारण संगणक आपोआप बंद पडतो तो बहुतेकदा तापल्यामुळे, स्वतःला वाचवण्यासाठी.

“डिस्प्ले येत नाही” हे पावसाळ्यातलं ठरलेलं दुखणं. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. आधी मॉनिटरची वायर आणि त्याचं स्वतःचं बटण पाहा. हसू नका, अनेकदा तिथेच मिटतं. ते ठीक असेल तर संशय रॅमवर. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोनेरी संपर्कपट्ट्या असतात. ओलाव्याने त्यांच्यावर थर धरतो आणि संपर्क तुटतो. वीज पूर्ण काढून, हात आधी एखाद्या धातूला लावून, पट्टी बाहेर काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने हलकेच पुसायची, वाळू द्यायची आणि दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत परत दाबून बसवायची. दुकानांत यासाठी खोडरबर वापरतात. मऊ पांढरा असेल आणि हात हलका असेल तर चालतो. जोरात घासलं तर सोनेरी मुलामाच निघून जातो.

ओलाव्याचा आणखी एक बळी म्हणजे प्रिंटर. पावसाळ्यात लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकू लागला की लोक प्रिंटर बदलायला निघतात. दोष असतो कागदाचा. उघडं पडलेलं रीम ओल धरतं, कागद वाकतो, एकमेकांना चिकटतो. रीम त्याच्या वेष्टनातच ठेवा आणि ट्रेमध्ये लागतील तेवढेच कागद घाला. एवढ्याने निम्मी कटकट जाते.

लॅपटॉपवर पाणी सांडलं तर काय, हा प्रश्न हमखास येतो, आणि आपला तालुका भाताचा असल्यामुळे उत्तरही हमखास येतं: तांदळाच्या डब्यात ठेवा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला इंद्रायणी तांदूळ जेवायला उत्तम आहे. लॅपटॉपच्या उपचारात त्याचा काही उपयोग नाही. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची पिठी फटींत जाते. आयफोन तांदळात ठेवू नका, असं ॲपल कंपनीनेही २०२४ मध्ये लेखी सांगितलं. करायचं ते हे: चार्जर काढा, यंत्र ताबडतोब बंद करा, उलटं करून पाणी निथळू द्या, हेअर ड्रायर लावू नका आणि सुरू होतोय का हे पाहण्याचा मोह टाळा. ओल्या यंत्रात वीज सोडली की जे वाचलं असतं तेही जातं. हीच गोष्ट थोड्या सौम्य रूपात शनिवार-रविवारी बंगल्यावर येणाऱ्यांना लागू आहे. गाडीच्या एसीत थंड झालेला लॅपटॉप ओलसर खोलीत लगेच उघडू नका. थंड भांड्यावर धरतं तसं दव त्याच्या आतही धरतं. तासभर पिशवीतच राहू द्या.

विजेचं प्रकरण हवेइतकंच महत्त्वाचं. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा लागतो. आणि फक्त विजेचाच नाही. तांब्याच्या तारेतून येणारं प्रत्येक कनेक्शन, म्हणजे जुनी टेलिफोन लाइन, केबल, एका इमारतीतून दुसरीत नेलेली नेटची वायर, बंगल्याच्या फाटकापर्यंत गेलेली कॅमेऱ्याची वायर, हे सगळे विजेचे मार्ग आहेत. फायबरमधून वीज येत नाही, पण फायबरच्या डबीचा ॲडॉप्टर भिंतीतच असतो, हे विसरू नका.

अर्थिंगकडे तर कोणी पाहतच नाही. दोन पिनांच्या बोर्डात बसावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कापलेली मी पाहिली आहे. मग “सीपीयूच्या बॉडीला करंट येतो” अशी तक्रार येते. अर्थिंग नसेल तर पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून झिरपणारी वीज पत्र्यावर साठते, तिला जायला वाट नसते. आपल्याकडे खाली कातळ. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. एप्रिल-मे महिन्यात त्यात पाणी घालत जा आणि वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर लावलेल्या स्पाइक गार्डचा फारसा उपयोग नाही, आणि बाजारातले स्वस्त स्पाइक गार्ड हे बरेचदा नुसतेच एक्स्टेंशन बोर्ड असतात. घरातला एक दिवा एकाएकी फार प्रखर आणि दुसरा मंद झाला, पंखा पळायला लागला, तर न्यूट्रल सुटला असण्याची शक्यता असते. २३० व्होल्टच्या जागी तीनशेच्या वर येऊ शकतात. तेव्हा संगणक नीट शटडाऊन करत बसू नका, मेन स्विच पाडा आणि महावितरणला कळवा.

यूपीएस कशासाठी, हेही स्पष्ट असू द्या. काम वाचवून संगणक नीट बंद करता यावा, यासाठी. लाइट नसताना दाखले काढत बसण्यासाठी नाही. आतली बारा व्होल्टची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही जोडू नका. त्याचा तापणारा रूळ एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस बसतो.

आपल्या यंत्रांत बिऱ्हाड करणाऱ्या जिवांसाठी एक छोटं प्रकरण ठेवलं आहे. बाहेर गारठा आणि आत ऊब, म्हणून पावसाळ्यात मुंग्या, झुरळं, पाली राउटरमध्ये आणि पॉवर सप्लायमध्ये आसरा घेतात. चिक्कीच्या दुकानात कीबोर्डखाली गुळाचा चुरा साठतो आणि मागोमाग मुंग्यांची रांग लागते. कॅबिनेटच्या मागच्या मोकळ्या खाचांना पत्र्याची पट्टी लावणं आणि काउंटरवर खाणं टाळणं, एवढ्याने बरंच साधतं. फवारा मात्र यंत्रावर मारायचा नाही.

आता यंत्राच्या आत, म्हणजे “स्लो झालाय” या वाक्याकडे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात डिस्कचा आकडा सतत शंभर टक्के दिसत असेल आणि यंत्रात जुनी, फिरती हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवण्याइतका फरक दुसऱ्या कुठल्याच खर्चाने पडत नाही. चार जीबी रॅम असेल तर आठ करून घ्या. नवा संगणक घेण्याआधी हे दोन करून पाहा. आणखी एक फुकटातली युक्ती: शटडाऊन आणि रीस्टार्ट यांत फरक आहे. विंडोज ८ पासून शटडाऊन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते, म्हणजे दुसऱ्या दिवशी लवकर सुरू व्हावं. त्यामुळे कालची अडचण आजही तशीच जागी होते. रीस्टार्ट केलं की सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून “रोज बंद करतो तरी तेच” म्हणणाऱ्याने एकदा रीस्टार्ट करून पाहावं.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना कंपनीने आणखी एक वर्ष दिलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. तालुक्यातल्या कितीतरी चांगल्या चालणाऱ्या यंत्रांत ते नाही. ज्यांचं काम ब्राउझर आणि पत्रलेखनापुरतं आहे, त्यांच्यासाठी लिनक्सचा पर्याय पुस्तकात दिला आहे. पण बोटाच्या ठशाचं यंत्र किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल, तर ते लिनक्सवर चालतं का हे आधी पाहून मगच निर्णय घ्या.

मराठीत काम करणाऱ्यांची एक खास अडचण इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही, म्हणून तिला वेगळी जागा दिली आहे. फॉरमॅटनंतर जुना मजकूर उघडला की सगळी अगम्य रोमन अक्षरं दिसतात आणि लोक समजतात की फाइल खराब झाली. फाइल शाबूत असते. तिचा फॉन्ट गेलेला असतो. युनिकोड रुळण्याआधी आपण जे मराठी फॉन्ट वापरले, त्यांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले होते. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर कचरा. विंडोज २००० पासून देवनागरीला युनिकोडचा आधार आहे, तरी पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका जुन्या फॉन्टात पडून आहेत. बॅकअप घेताना त्या फॉन्टच्या फाइलीही घ्या, आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवा.

इंटरनेटवरच्या फसवणुकीबद्दल थोडक्यात. “तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा” असा इशारा पडदाभर आला तर तो खोटा आहे. कुठलीही खरी कंपनी असा फोन नंबर देत नाही. ब्राउझर बंद करा, होत नसेल तर संगणक बंद करा. कोणाच्याही सांगण्यावरून आपला पडदा दुसऱ्याच्या हाती देणारं ॲप टाकू नका. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवा. तिथे मिनिटं मोलाची असतात. आणि फुकट मिळालेलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हे बहुतेकदा व्हायरसचं वाहन असतं, हेही लक्षात असू द्या.

या पुस्तकामुळे दुरुस्ती करणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल, अशी शंका धंद्यातल्या मित्रांनी बोलून दाखवली. मला तसं वाटत नाही. जाणकार गिऱ्हाईक चांगल्या कारागिराची किंमत जास्त करतं. दुरुस्तीचं काम हलकं समजणाऱ्यांनी पुण्याच्या क्विक हीलची गोष्ट आठवावी. दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागलेले कैलास काटकर संगणक दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत पुन्हा पुन्हा तेच व्हायरस दिसू लागले, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर उतारा लिहिला. नव्वदच्या दशकात दुकानात सुरू झालेलं ते काम २०१६ मध्ये शेअर बाजारापर्यंत पोचलं. लक्षण नीट पाहणाऱ्या माणसाचं हे यश आहे. एमएस-सीआयटीने २००१ पासून लाखो मराठी माणसांना संगणक वापरायला शिकवलं. आता तो सांभाळायला शिकण्याची वेळ आहे.

कुठे थांबायचं, हेही शिकण्यातच येतं. पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतणारा भार असू शकतो. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला किंवा तळ फुगला, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, टोचू-दाबू नका, दुकानात न्या. हार्ड डिस्कमधून टक टक आवाज आला तर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. आणि आंदर मावळातून सीपीयू मोटारसायकलवर दोन पायांत धरून न्यायचाच असेल, तर आधी वीज आणि सगळ्या वायरी काढा, जाड गोधडीत गुंडाळा, वर प्लॅस्टिक घाला. नाहीतर खड्ड्यांनी रॅम आणि कार्डं खिळखिळी होतात आणि एका दुखण्यासाठी नेलेलं यंत्र तीन दुखणी घेऊन दुकानात पोचतं.

पुस्तकाची मांडणी पावसाच्या नक्षत्रांना धरून आहे: मृगाआधीची कामं, पावसातली कामं, दिवाळीनंतरची कामं. मधल्या प्रकरणांत लक्षणांवरून बिघाड शोधण्याचे तक्ते आहेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचण्याची गरज नाही. अडचण आली की तक्ता उघडा, खालच्या थरापासून सुरुवात करा. फक्त बॅकअपचं प्रकरण मात्र अडचण येण्याआधी वाचा. यंत्राचा प्रत्येक भाग बाजारात पुन्हा मिळतो, माहिती मिळत नाही. तिच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर: क्लाउडवर, किंवा पुण्यातल्या बहिणीच्या कपाटात. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क व्हायरसच्या आणि विजेच्याही तावडीत एकदमच सापडते.

वाचकांना एवढीच विनंती आहे. ही प्रस्तावना संपवून पुढचं पान उलटण्याआधी उठा, ज्या फाइलींवाचून तुमचं उद्या अडेल त्या निवडा आणि त्यांची एक प्रत आजच दुसरीकडे ठेवा. बाकीचं पुस्तक त्यानंतर सावकाश वाचलंत तरी चालेल.